पेट्यांचं गाऱ्हाणं

बाबली गावकर सकाळी काजींत, म्हणजे काजूच्या बागेत, पोहोचला तेव्हा त्याचा मुलगा गौरेश आधीच येऊन बोंडू, ती काजूची रसाळ फळं, गोळा करत होता. गोळा करत होता म्हणण्यापेक्षा बोंडवांशी भांडत होता म्हणणं जास्त खरं. बोंडवाची बी काढायची एक लकब असते. अंगठ्याने जराशी फिरवली की ती आपोआप हातात येते. गौरेश ती ओढून काढी, बोंडवाचा लगदा त्याच्या बोटांत राही आणि रस कोपरापर्यंत ओघळे. बत्तीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस, पण या कामात विमलाच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, निम्म्यानेही त्याची बाल्दी भरत नव्हती. उजव्या मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग होते, त्यांना रस झोंबत होता. बाबलीने ते पाहिलं आणि दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसला.

गौरेशच्या हातांना हे काम लागलंच नव्हतं. विसाव्या वर्षी तो डिचोलीला खाणीवर टिप्पर चालवायला गेला होता. पुढे खाणी बंद झाल्या, टिप्पर दारात उभा राहून गंजला आणि शेवटी भंगारवाला तो तुकडे करून घेऊन गेला. मग तीन वर्षांपूर्वी धारगळच्या वरच्या सड्यावर कारखाना आला. तिथे तोफेचे गोळे ठेवायच्या लोखंडी पेट्या होतात. गोळे कुठेतरी दुसरीकडे भरतात, इथे नुसत्या पेट्या. सैन्याच्या हिरव्या रंगाच्या, दोन बाजूंना कड्या लावलेल्या. कड्या जोडायचं काम गौरेशचं. गावात कोणी परका विचारू लागला की सगळे एकच उत्तर देत, आमी फक्त पेट्यो करतांव. जणू पेट्यांत लोक लोणचं भरणार होते.

कारखाना आल्यापासून पार्शा गावाच्या खालच्या वाड्यावरचं बोलणंच पालटलं. पूर्वी चहाच्या दुकानात माणसं काजूच्या दराविषयी, गणपतीवरच्या माटोळीच्या फळांविषयी, कोणाची गाय कोणाच्या पोफळीच्या कुळागरात शिरली याविषयी तावातावाने बोलत. आता ज्याला पेडण्याच्या पुढचा रस्ता नीट ठाऊक नाही तोही कुठल्या तोफेचा पल्ला किती मैल ते सांगू लागला. देशाचा अर्थसंकल्प पूर्वी कधी कोणी ऐकलाही नव्हता. यंदा मात्र कारखान्याच्या कँटीनमध्ये टीव्हीसमोर गर्दी झाली, आणि सैन्याचा आकडा वाढला हे कळताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यात वरचा कालवा फुटला आणि बाबलीचं वायंगणातलं उन्हाळी भात पोटरीवर असतानाच वाळलं. पाहणीला आलेला साहेब म्हणाला, दुरुस्तीला यंदा पैसा नाही. बाबलीने चहाच्या दुकानात साधा प्रश्न विचारला, किती पेट्यांच्या पैशांत कालवा सांधला जाईल. दोघेतिघे हसले. एकाने मात्र डोळे बारीक करून विचारलं, बाबलीदादा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे? आयुष्यभर या लोकांच्या बारशांना आणि बाराव्यांना उभा राहिलेला माणूस तो. त्याला फार लागलं. पाव अर्धा टाकून तो उठला.

पण फेब्रुवारीत हातातली ऑर्डर संपली आणि कंत्राटावरची माणसं घरी बसली. त्यांत गौरेश. कारखान्याला माणसं पुरवणारा दत्ताराम हा गावचा पंचही होता. तो प्रत्येकाला धीर द्यायचा, वर उत्तरेत थोडं तापलं की काम आपोआप येईल. गौरेश रोज सकाळी फोन पाहायचा, काय तापलंय का ते. मग बाल्दी घेऊन काजींत जायचा.

आणि एप्रिलच्या शेवटाला खरंच तापलं.

त्या वेळी बाबलीची मुलगी जानकी माहेरीच होती. सावंतवाडीकडे दिलेली. सातवा महिना, पहिलं बाळंतपण. तिचा नवरा अक्षय सैन्यात. महिन्याची रजा काढून तो आधी आपल्या घरी आणि मग चार दिवस सासुरवाडीला आला होता. आल्यापासून त्याने विहिरीचा रहाट दुरुस्त केला होता, पडवीची निसटलेली खिडकी बसवली होती आणि सासूला चुलीपाशी फुंकणी मारू दिली नव्हती. विमला सगळ्या वाड्यावर जावयाचं कौतुक सांगत फिरत होती. टीव्हीवर हद्दीवर गोळीबार सुरू झाल्याची बातमी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी अक्षयला फोन आला, रजा रद्द. आणि त्याच संध्याकाळी दत्तारामचा निरोप आला, गौरेश, उद्यापासून ये, दोन पाळ्या सुरू.

सकाळी विमलाने दोन डबे भरले. एकात गौरेशसाठी पाव आणि चवळीची भाजी, दुसऱ्यात अक्षयसाठी तांदळाच्या पिठाचे लाडू. कोणता कोणाचा यात तिचा गोंधळ होऊ लागला तेव्हा जानकीने ते तिच्या हातातून घेतले. हमरस्त्यापर्यंत सगळेच गेले. एका बाजूला कारखान्याची बस यायची होती, दुसऱ्या बाजूला स्टेशनला जाणारी रिक्षा. गौरेश निळ्या गणवेशात, अक्षयची जड बॅग त्याच्या खांद्यावर.

"बरा झाला गौरेश," अक्षय बॅग परत घेताना म्हणाला, "तुझा काम सुरू झाला."

त्यात टोमणा नव्हता. तो मनापासूनच म्हणाला होता. बस आधी आली. तो चढला तेव्हा आतली माणसं एकमेकांना टाळ्या देत होती, कोणी पेढेही वाटत होतं. खिडकीतून एक पेढा त्याच्या बापाकडेही आला. बाबलीने तो घेतला, आणि मग हातात धरून त्याचं काय करावं ते त्याला कळेना.

पुढचे दिवस गौरेश बारा बारा तास कड्या जोडत राहिला. संध्याकाळी घरी यायचा तो डोळे लाल करून, पाणी गळतंय अशा अवस्थेत. काळी काच लावली तरी एवढा वेळ त्या ज्योतीकडे पाहिल्यावर डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं. जानकी काकडी किसून, फडक्यात बांधून त्याच्या डोळ्यांवर ठेवी. तो सोप्यावर उताणा पडे आणि ती शेजारी पोट सावरून बसे. बाबली पलीकडे बिया वाळत घालत असे, तेव्हा त्यांचं बोलणं त्याच्या कानांवर येई.

"आज किती झाल्यो?" एका संध्याकाळी तिने विचारलं.

"दोनशे चाळीस."

"एका पेट्येत किती गोळे रवतत?"

"दोन."

बाबलीने बियांवरचा हात थांबवला.

"अक्षयकडे ह्योच येतत?"

"खंय जातत तां आमका कोण सांगता, जानू," गौरेश फडक्याखालून म्हणाला.

अक्षयचा फोन येऊन पाच दिवस झाले होते. जानकी ते बोलत नसे, पण जेवताना फोन उजव्या मांडीशी ठेवी. विमला रोज तुळशीपाशी काहीतरी पुटपुटत राही. बाबलीला मात्र एक गोष्ट आत कुठेतरी कुरतडत होती. चहाच्या दुकानात आता रोज नवं वारं होतं. काल कोणीतरी म्हणालं, दोन देशांत बोलणी सुरू झालीत म्हणे, आणि सगळ्यांचे चेहरे पडले. चांगली माणसं ती. कोणाच्या घरी मयत झालं तर स्वतःचा खांदा देणारी. त्यांचेच चेहरे बोलण्यांच्या बातमीने पडले. आणि क्षणभर, गौरेश पुन्हा घरी बसणार या विचाराने, बाबलीचाही पडला. घरी येऊन जानकीच्या तोंडाकडे पाहायची त्याला लाज वाटली.

दत्ताराम शुक्रवारी दुपारी आला. केळ्यांचा घड घेऊन आला तेव्हाच बाबली समजला की काहीतरी काम आहे. पार्शात त्या बाजूला कुठलंही शुभकार्य असो, रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायचा मान बाबलीच्या घराचा. त्याचा बाप घालायचा, आजा घालायचा. गावाच्या वतीने देवाशी बोलायचं ते गावकराने, आणि त्याने मागितलं ते गावाने मागितलं असं धरतात.

दत्तारामने घाम पुसला, पाणी प्यायला आणि बोलू लागला. कारखान्याला मोठी ऑर्डर मिळायची आहे, पुढच्या आठवड्यात ठरणार. दहा वर्षांचं काम. ती आली की कंत्राटावरची वीस माणसं कायम होणार, आणि त्या वीस जणांच्या यादीत गौरेशचं नाव तिसरं. रविवारी कारखान्याचे मोठे साहेब पुण्याहून येणार आहेत, त्यांची इच्छा आहे की गावच्या देवाला गाऱ्हाणं व्हावं. मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. काय मागायचं ते त्याने लिहूनच आणलं होतं, बाबलीला त्रास नको म्हणून.

बाबलीने चष्मा लावून वाचलं. वर देवाची नेहमीची आळवणी होती. खाली लिहिलं होतं, हद्दीवरचा जोर असाच राहो आणि आमच्या कारखान्याला दहा वर्षं कमी न पडेल इतकं काम मिळो.

"दत्ताराम, देवाकडे झूज मागूं मी?"

"झूज खंय मागतास, बाबलीदादा? काम मागूंक सांगतंय."

"माजो जावंय थंय आसा."

"म्हणूनच तर मागूंक जाय. उद्या तेका गोळे कमी पडले तर? पेट्यो भरपूर पावल्यो तर तेकाच बरां." दत्ताराम हे खोटं बोलत नव्हता. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. उठताना दत्ताराम हलक्या आवाजात म्हणाला, तुम्हाला जमत नसेल तर गाऱ्हाणं घालायला तुमच्याच भावकीतला सखाराम गावकर आहेच. फक्त मग यादीचं मला सांगता येत नाही.

त्या दिवशी उरलेला सगळा वेळ बाबलीने कोळमीत काढला. दगडी कोळमीत बोंडू पसरून पायांनी तुडवायचे, रस खालच्या मडक्यात गळतो. उन्हं उतरेपर्यंत तो तुडवत राहिला. पोटऱ्या भरून आल्या, कंबर धरली, अंगाला तो आंबट गोड वास चिकटला. एवढ्या वर्षांत त्याने देवाकडे काय काय मागितलं होतं. पाऊस मागितला, मूल मागितलं, शेजाऱ्याच्या म्हशीचं दूध मागितलं, खाणी पुन्हा सुरू होवोत म्हणूनही मागितलं. खाणी मागतानाही खालच्या शेतांत लाल चिखल उतरतो हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा तोंड आवरलं नव्हतं. मग आताच का जीव अडतो, असं तो स्वतःला विचारत होता, आणि उत्तर येत होतं ते जानकीचं तोंड.

विमलाला त्याने सांगितलं. ती चुलीसमोर वाकून भाकरी थापत होती. तिने मान वर न करताच निर्णय दिला. म्हणा, म्हणाली. पोराने अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या दारात उभं राहून घालवलं, आता कायम होतंय तर होऊ दे. देव काही खुळा नाही, त्याला जे नको ते तो सोडून देईल. जानकी तिथेच खोबरं खवत होती. ती काहीच बोलली नाही, आणि बाबलीने तिच्या त्या गप्प बसण्याचा होकार करून घेतला. तेवढं त्याच्या सोयीचं होतं.

रविवारी देवळाच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे निळ्या गणवेशातली कारखान्याची माणसं, बाजूच्या खांबांपाशी बायका, त्यांत विमला आणि पाठ टेकून बसलेली जानकी. पुण्याचे साहेब डोक्यावर रुमाल टाकून हात जोडून उभे. बाबलीने धुतलेला पंचा नेसला होता. नारळ देवासमोर ठेवून, हात जोडून तो उभा राहिला.

"बा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्या पायांकडे जमली आसत..."

आवाज नेहमीसारखाच खणखणीत लागला, याचं त्यालाच नवल वाटलं. कागद त्याने उघडलाच नाही, पाठ झाला होता. हद्दीवरचा जोर, दहा वर्षांचं काम, सगळं त्याने म्हटलं. एक शब्द गाळला नाही. म्हणताना मान खाली होती आणि पंच्याची किनार डोळ्यांसमोर हलत होती. म्हणून झालं आणि तो थांबला.

रीत अशी की गाऱ्हाणं घालणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही, आणि पहिला होकार त्याच्याच घरातून यायचा. बापाने मागितलं तर थोरल्या मुलाने म्हणायचं, व्हय म्हाराजा. मग बाकीच्या गावाने. घरच मुकं राहिलं तर ते मागणं देवापर्यंत जात नाही, पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचं. गौरेश पंधरा वर्षांचा असल्यापासून हा होकार देत आला होता.

आज आला नाही.

बाबलीला वाटलं, ऐकू आलं नसेल. पंखा किरकिरत होता. कोणीतरी खाकरलं. दत्तारामचा दबलेला आवाज आला, "गौरेश, साद दी." मागे कापडाची सळसळ झाली, पण शब्द आला नाही. ज्याचं नाव यादीत तिसरं होतं, ज्याच्यासाठी बापाने आत्ता देवासमोर जीभ विटाळली होती, तोच तोंड मिटून उभा होता. बाबलीला राग यायला हवा होता. आला नाही. डोक्यावरचा भारा कोणीतरी मागून हलकेच उतरवून घ्यावा तसं त्याला वाटलं, आणि डोळे भरून आले. बरं झालं की मागे वळायची रीत नव्हती.

"परत म्हणां, बाबलीदादा," दत्ताराम म्हणाला.

बाबलीने पंच्याच्या टोकाने नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी बाप म्हणायचा तसं म्हटलं, सावकाश. पाऊस वेळेवर मागितला. कालव्याला पाणी मागितलं. गुरावासरांना, पोराबाळांना आयुष्य मागितलं. मग जरा थांबला.

"ह्या पोरांच्या हातांक काम दी, म्हाराजा. खंयचांय दी. पूण असां दी की तां मागताना आमका तुज्या तोंडाकडे बघूंक लज दिसूंक नाका. आनी जे थंय हद्दीर उबे आसत, आमचे आनी तेंचे, तेंका आपापल्या पायांनी घरा पावय."

"व्हय म्हाराजा," गौरेश म्हणाला. मोठ्याने, आवाज थोडा फाटत. लगेच खांबापासून जानकीचा आवाज आला, मग विमलाचा, मग बाकीच्या बायकांचा. निळ्या गणवेशांतून काही जण म्हणाले, काही नुसते हात जोडून उभे राहिले. दत्ताराम देवाकडे न बघता बाबलीच्या पाठीकडे बघत होता. पुण्याच्या साहेबांना यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी पुढे येऊन बाबलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार छान झालं म्हणून हिंदीत कौतुक केलं.

घरी जाताना बाबलीने गौरेशला विचारलं, तोंड का उघडलं नाहीस?

"जानू समोर बसलेली," गौरेश म्हणाला. एवढंच.

ऑर्डर आली. ती आली म्हणून गावात फटाके फुटले, आणि गुरुवारी कारखान्याच्या फाटकावर वीस नावांची यादी लागली. तिसऱ्या जागी सखाराम गावकराच्या पुतण्याचं नाव होतं. गौरेशचं कुठेच नव्हतं. त्याने घरी येऊन निळा गणवेश धुवून दोरीवर टाकला, सुकल्यावर घडी घालून विमलाच्या हाती दिला आणि जुना शर्ट घालून काजींत गेला. विमला दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही आणि मुलाशीही नाही. दोघांना वेळेवर वाढत मात्र होती. चहाच्या दुकानात बाबली शिरला की तोफांचं बोलणं थांबे, आणि आमचे आनी तेंचे असं कोणीतरी दुसऱ्या कोणाला हळूच म्हणे. तो बाकावर बसून पाव चहात बुडवून खाई आणि पूर्ण संपवूनच उठे.

अक्षयचा फोन आला तो शनिवारी सकाळी. जानकी पडवीतच बसली होती, तिने पहिल्याच घंटेला उचलला. बराच वेळ ती नुसतं हं हं करत राहिली, मधेच हसली, मधेच तोंड फिरवलं. मग फोन बापाकडे दिला.

"मामा," पलीकडून अक्षय म्हणाला, "तुमी देवाकडे काय मागलात तां जानकीन सांगला."

बाबलीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तेंच्यासाठीय मागलात?"

"मागलंय." बाबलीला वाटलं, आता हाही विचारणार, तुम्ही कोणाच्या बाजूचे. विचारायचा त्याला सगळ्यांपेक्षा जास्त हक्क होता. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता.

"तेंच्यातलो एकजण रोज सकाळी समोरच्या चौकीर कपडे सुकत घालता," अक्षय म्हणाला. "माका हयसून दिसता. दोन दिवस दिसलो नाय, तर जीव लागना माझो."

मग रेंज गेली. विमलाने पदराला हात पुसत विचारलं, काय म्हणतो जावई? बाबलीने फोन जानकीला परत दिला आणि सांगितलं, बरा आहे.